मे महिन्यातली सावंतवाडी

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई 53 वर्षांच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून, म्हणजे 29 वर्षं, विक्रोळीच्या म्हाडा वसाहतीत राहिल्या. आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे. बिल्डर भाडं देतो, त्यात कांजूरमार्गला दोन खोल्या घेतल्या आहेत. यजमान खासगी कंपनीतून येत्या मार्चमध्ये निवृत्त होतील. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. त्यांचं म्हणणं, आता कायमचं सावंतवाडीला जाऊ, वडिलोपार्जित घर फंडाच्या पैशांतून दुरुस्त करू, शांत आणि स्वस्तात राहू. (घर शहरापासून 11 किलोमीटरवरच्या वाडीत आहे, असं ताईंनी एका कंसात लिहिलंय.) मुलगा 26 वर्षांचा, ऐरोलीला नोकरीला. ताई घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात, हातात स्वतःचे पैसे असतात. त्या लिहितात: "गाव मला आवडतं. मे महिन्यात आणि गणपतीत दरवर्षी जातोच. पण कायमचं म्हटलं की पोटात गोळा येतो. तिथे सगळी म्हातारी माणसं. माझं असं कोण आहे? आणि नाही म्हटलं तर ह्यांच्या इतक्या वर्षांच्या इच्छेवर पाणी पडेल. तिथलं रोजचं जगणं खरंच कसं असतं? मी स्वार्थी आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. कुठे राहायचं हे ठरवताना तिथे आपला दिवस कसा जाईल असं विचारणारी बाई स्वार्थी कशी? यजमानांनी स्वतःच्या दिवसाचा विचार केलाच आहे की. पहाटे उठून चालणं, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर गप्पा. त्या चित्रात तुम्ही कुठे आहात, एवढंच तुम्ही विचारताय. मला शंका आहे की चित्रात तुम्ही चहा घेऊन येताना दिसता.

आता तुमच्या कंसाकडे येते. पत्रात तुम्ही सावंतवाडीचं नाव चार वेळा घेतलंय आणि घर 11 किलोमीटरवर आहे हे कंसात टाकलंय. माझ्या मते तुमचा सगळा प्रश्न त्या कंसात आहे. शहर वेगळं आणि वाडी वेगळी. मुंबईहून बघताना दोन्ही 'गाव'च दिसतात, कारण दोन्हीकडे नारळ असतात. पण औषध हवं, चेनची रिळं संपली, बँकेत सही चुकली, की हे 11 किलोमीटर मोजावे लागतात. एसटी किती वेळा येते, शेवटची वस्तीची गाडी किती वाजता, रात्री रिक्षावाला यायला तयार होतो का आणि परत रिकामा जाण्याचं भाडं लावतो का, हे वाडीतलं रोजचं जगणं. एसटीत बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, ही चांगली गोष्ट. पण अर्ध्या तिकिटालाही गाडी यावी लागते.

शहराचं म्हणाल तर 2011 च्या जनगणनेत सावंतवाडीची वस्ती सुमारे 24 हजार होती. घाटकोपरला सकाळी नऊच्या सुमाराला पाच-सहा लोकल रिकाम्या केल्या की अख्खी सावंतवाडी फलाटावर उभी. जनगणनेच्या हिशोबात वीस हजारांवर आणि पन्नास हजारांच्या आत लोकसंख्या असलेलं शहर तिसऱ्या वर्गात मोडतं. म्हणजे खेडं नव्हे आणि मोठं शहरही नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्या वेळी दर आठ माणसांत जेमतेम एक शहरात राहत होता, बाकी सगळे वाड्यांत. चौरस किलोमीटरला 163 माणसं. आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात हाच आकडा वीस हजारांच्या वर. तेव्हा शांततेबद्दल यजमान खोटं बोलत नाहीत. त्या शांततेत माणसं किती आणि कोण, हे मात्र त्यांनी सांगितलेलं नाही.

ते मी सांगते, कारण 'सगळी म्हातारी माणसं' हे तुमचं वाक्यही अर्धंच खरं आहे.

2011 ला अख्ख्या महाराष्ट्रात फक्त दोन जिल्ह्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 आणि सिंधुदुर्गात 1036. हे वाचून कुणाला वाटेल, वा, किती सुधारलेला मुलूख. त्याच यादीत मुंबई शहर 832 वर आहे आणि उपनगर 860 वर. हे दोन आकडे वेगवेगळ्या कागदांवर छापले असले तरी हिशोब एकाच घराचा आहे. तिथून उठलेला पुरुष इथे येऊन बसला. गिरणीत, गोदीत, हॉटेलात, पोलिसात. बाई मागे राहिली. शेत, सासू, गुरं आणि मनीऑर्डरची वाट, हे सगळं तिच्याकडे. तुमच्या सासूबाईंचं आयुष्य बहुतेक असंच गेलं असणार. बायका जास्त असण्याचं दुसरं कारण म्हणजे त्या पुरुषांहून जास्त जगतात. त्यामुळे वाडीतल्या त्या 'जास्त' बायकांत एकट्या राहणाऱ्या विधवा पुष्कळ असतात. 2001 ते 2011 या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढली तर नाहीच, 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांच्या आत आली. मुलं मुंबई-पुण्याला, आता जास्त करून गोव्याला. तुम्ही वाडीत पाहिलेली बंद घरं आणि म्हातारी माणसं ही त्याचीच खूण आहे.

शहरात मात्र वेगळी मंडळी भेटतात. मुलांच्या शाळेसाठी आसपासच्या वाड्यांतून उठून फ्लॅट घेतलेल्या तिशी-चाळिशीतल्या आया. नवरा रोज मोटरसायकलवर गोव्यात कारखान्यात किंवा हॉटेलात जाऊन येतो, नाहीतर मुंबईत असतो. निवृत्त शिक्षक, बँकवाले, एसटीवाले. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मुसलमान आणि ख्रिस्ती घरं. गवंडीकामाला बेळगाव-विजापूरकडचे लोक, सुतारकामाला आणि रंगकामाला उत्तरेकडचे, आंब्या-काजूच्या बागांत राखणीला नेपाळी. बांदा-दोडामार्गाकडे केरळहून येऊन रबर आणि अननस लावलेले बागायतदार. मे महिन्यात यातलं कुणी तुम्हाला दिसत नाही. तेव्हा तुम्ही जावा, नणंदा, पुतण्यांत असता आणि त्यातले निम्मे तुमच्याच गाडीने दादरहून आलेले असतात. खरं सांगायचं तर 29 वर्षं तुम्ही गावी गेलाच नाहीत. मुंबईच तुमच्याबरोबर तिथे गेली आणि फणस खाऊन परत आली.

तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न काय असतो, आठवा. "कधी इलात?" आणि श्वास न घेता दुसरा, "कधी जातलात?" चाकरमान्याला हे दोन प्रश्न ठरलेले. त्यात प्रेम असतंच, पण तुम्ही जाणार हे गृहीतही असतं. पाहुण्याला सोलकढीत जास्त नारळ मिळतो. राहायला आलेल्याच्या कढीत नारळ किती, हे अजून तुम्हाला कळायचंय.

पावसाळ्याचं सांगते. मी स्वतः एका जुलैत तळकोकणातल्या एका छोट्या शहरात सव्वा महिना राहिले होते. नातेवाइकांकडे नाही, भाड्याच्या खोलीत, कामानिमित्त. पहिले चार दिवस खिडकीत बसून पाऊस बघितला. पाचव्या दिवशी कपाटातली सुती साडी काढली तर तिला बुरशीचा वास. टॉवेल वाळेना, मिठाला पाणी सुटलेलं. फांदी तारेवर पडली की वीज जाते आणि कधी येईल हे विचारण्यात अर्थ नसतो, कारण वायरमनही पावसात तीच फांदी शोधत असतो. यांत्रिक मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद, म्हणून बाजारात खाडीचं किंवा नदीचं थोडंफार आणि सुकं. दुपारी एकपासून चारपर्यंत बाजार आडवा होतो. मुंबईच्या सवयीने मी अडीचला रिफिल आणायला निघाले आणि झोपलेल्या बाजारात एकटी छत्री घेऊन उभी राहिले. दोन आठवड्यांनी मात्र मीही दुपारची झोपायला लागले. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी न विचारता टाकळ्याची भाजी आणून दिली आणि चौथ्या आठवड्यात न विचारताच माझ्याकडे कोण आलं होतं हे दुकानदाराने मला सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच दारातून येतात. कुठली किती हवी, हे आपल्याला ठरवता येत नाही.

यजमानांचा 'स्वस्त' हा शब्दही जरा उघडून बघायला हवा. भाडं स्वस्त, हे खरं. नारळ, कोकम, आमसुलं घरची, हेही खरं. पण भाजी बरीचशी घाटावरून, बेळगावाकडून येते. आंबोलीच्या घाटात दरड आली की कोथिंबिरीचा भाव मुंबईलाही लाजवतो. चांगला मासा गोव्याकडे पळतो. गॅस, डाळ, औषधं तीच आणि त्याच भावात. वर जुन्या घराचा खर्च. कौलं दरवर्षी पावसाआधी चाळावी लागतात, माकडं ती नंतर फोडतात, आणि कौलं चाळणारा माणूस आता मागाल तेव्हा मिळत नाही. दुरुस्ती 'एकदा' होत नसते. पत्रे घातले की हा ताप कमी होतो, पण मग पावसाच्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं.

दवाखान्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, मी जास्त लिहिणार, कारण घरात मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. सावंतवाडीत सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आहेत. तपासण्या, सलाईन, ताप, पडझड, सगळं होतं. पण हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं काही झालं की तिथल्या माणसाच्या तोंडी एकच गाव येतं: बांबोळी. गोवा मेडिकल कॉलेज. सिंधुदुर्गातले असंख्य लोक वर्षानुवर्षं तिकडेच जातात. राज्याची हद्द ओलांडून दीड-दोन तासांचा रस्ता, आणि वाडीतून निघालात तर 11 किलोमीटर आणखी, रात्री, पावसात. हे घाबरवायला सांगत नाही. मुंबईतही गर्दीच्या वेळी कांजूरमार्गहून मोठ्या रुग्णालयात पोचायला तास लागतोच. फरक इतकाच की इथे कुठे जायचं हे तुम्हाला ठाऊक आहे, तिथे ते आधी ठाऊक करून घ्यावं लागेल. तुमची आरोग्य विम्याची पॉलिसी गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या कुठल्या रुग्णालयात पैसे न भरता चालते, हे कंपनीला विचारा. लेप्टोचा ताप, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा, तिकडे पावसाळ्यात असतोच, म्हणून पायाला जखम असताना चिखलात उतरायचं नाही. बांदा-दोडामार्गाकडे गेल्या काही वर्षांत माकडताप आलाय. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं असतं. ही माहिती तिथे शाळकरी पोरांनाही असते, ती चाकरमान्याला नसते.

मुलाच्या जेवणाचं तुम्ही विचारलंय. सव्वीस वर्षांचा मुलगा वरण-भात लावू शकतो. पुढे जाऊ.

आता जरा तुमच्याकडे वळते, कारण आतापर्यंत यजमानांचीच गृहीतकं तपासली. तुम्ही लिहिता, 'माझी माणसं विक्रोळीत आहेत.' आज आहेत का? इमारत रिकामी झाली तेव्हा कोण कुठे गेलं, याची एकदा उजळणी करा. कुणी भांडुपला, कुणी ऐरोलीला, कुणी थेट बदलापूरला. ती वसाहतच एक छोटं शहर होती, ताई. जिन्यात चपला ओळखीच्या, नळाची वेळ ठाऊक, कुणाच्या घरी कुकर किती शिट्ट्यांचा तेही ठाऊक. तुम्ही 29 वर्षं छोट्या शहरातच काढली, ते मुंबईच्या पोटात होतं एवढंच. ते आता निदान तीन वर्षं नाही, आणि टॉवर उभा राहिल्यावर बंद दारांच्या मजल्यांवर तेच परत मिळेल, असं मला तरी वाटत नाही. तेव्हा एका बाजूला ओळखीची माणसं आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी, असा हा सौदा नाहीच. माणसं तुम्हाला दोन्हीकडे नव्याने जोडायची आहेत.

ती तुम्हाला जोडता येतात, याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे: शिलाई मशीन. विक्रोळीत तुम्ही सून म्हणून आलात आणि 'ब्लाउजवाल्या काकू' झालात. वाडीत गेलात तर पुन्हा अमक्याची सून व्हाल आणि सणाला वीस माणसांचा स्वयंपाक कुणी करायचा, हा प्रश्नच उरणार नाही. शहरात राहिलात तर मात्र शाळेतल्या, बँकेतल्या, पंचायत समितीतल्या नोकरदार बायका आहेत. त्यांना वेळेवर ब्लाउज देणारी बाई कुठेही हवीच असते. शिलाईचे दर तिथे काय मिळतात, हे चार दुकानांत स्वतः विचारून बघा. लाकडी खेळण्यांची चितारआळी बघायला आपण दरवर्षी जातो, तसं यंदा शिंप्यांच्या दुकानात जा.

म्हणून माझं म्हणणं असं. होकारही देऊ नका आणि नकारही. जुलै मागा. पुढच्या जुलैत दोघांनी सहा आठवडे सावंतवाडी शहरात, वाडीत नव्हे, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचं. भावकीकडे उतरायचं नाही, कारण पाहुणचारात काहीच कळत नाही. त्या सहा आठवड्यांत यजमानांनी रोज एसटीने वाडीत जाऊन यावं, घर बघावं, गळती मोजावी. हौस असेल तर उत्साह वाढेल, नसेल तर तिसऱ्या आठवड्यात छत्री उलटी झाली की ते आपणच बोलतील. तुम्ही मोती तलावाच्या काठाने चालून बघा. श्रीराम वाचन मंदिरात जाऊन या, 1852 पासूनचं ग्रंथालय आहे. तिथे दुपारी कोण येऊन बसतं ते बघा. एखाद्या आठवडा बाजारी एकट्याने खरेदी करा. दुचाकी येत नसेल तर शिका. पन्नाशीनंतर शिकलेल्या बायका मी पाहिल्यात, पहिला महिना गुडघे फुटतात आणि मग कुणाची वाट बघावी लागत नाही. तिथे हे कौशल्य लोकलच्या पासाइतकं मोलाचं आहे.

पैशांबाबत मात्र मी सौम्य बोलणार नाही. फंडाचा एक रुपयाही त्या घरात घालण्याआधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढून बघा. वडिलोपार्जित म्हणजे बहुधा सामाईक. नावं किती, वारस नोंदी झाल्यात का, वाटप झालंय की 'आपापसात ठरलंय'? आपापसात ठरलेलं कौलं बदलेपर्यंत टिकतं. नवी कौलं दिसली की बोरिवलीच्या चुलत दिरांना अचानक गावची ओढ लागते. वाटपाचा कागद आधी, गवंडी नंतर. आणि विक्रोळीच्या जागेचा हक्क काही झालं तरी सोडायचा नाही. पुनर्विकासाचा करारनामा नोंदणीकृत आहे का आणि त्यात तुमचंही नाव आहे का, हे या आठवड्यात बघा. नसेल तर घालता येईल का, हे सोसायटीला आणि वकिलाला विचारा. गावी जायचं असो वा नसो.

अशी पत्रं आजकाल वरचेवर येतात. गावाचं नाव बदलतं, कुणाचं वाई, कुणाचं देवगड, कुणाचं चिपळूण. सगळ्यांनाच मी एवढं सांगते की आवडत्या ऋतूत जाऊन घर ठरवू नका. चिपळूणकरांनी तर 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आपल्या भिंतीवर कुठपर्यंत होतं, हे शेजाऱ्याच्या बोटाने दाखवून घ्यावं आणि मग मजला निवडावा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारते. एप्रिलपासून यजमान चोवीस तास घरात असणार आहेत. कांजूरमार्गच्या दोन खोल्यांत काय किंवा वाडीच्या ओट्यावर काय, ते चोवीस तास तुम्हाला सारखेच भेटणार. तीस वर्षं सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस एकदम रिकामा होतो, तेव्हा तो 'गावी जाऊ' म्हणतो. कधी त्याला गाव हवं असतं, कधी फक्त जायला एखादं ठिकाण. यांचं कुठलं आहे हे मला पत्रातून कळत नाही, तुम्हाला कळेल. एखाद्या रविवारी, टीव्ही बंद करून, "तिथे मंगळवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत असाल?" एवढंच विचारा. मधेच बोलू नका. उत्तरात 'आपण' किती वेळा येतं, ते मोजा.

कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा मे महिन्यात तारीख धरून ठेवा. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, बाहेर मळगावला आहे, उतरल्यावर रिक्षा लागेल. शिलाई मशीन अख्खं नेऊ नका. पट्टा काढून वरचं डोकं तेवढं गोणपाटात बांधा, सीटखाली मावतं. स्टँड तिथे कुणाच्या ना कुणाच्या पडवीत धूळ खात पडलेला असतोच.